रुळांची कवळी

वहिनींच्या घरात दोन गोष्टींना हात लावायची कोणाची टाप नव्हती. एक, त्यांच्या कामाच्या टेबलावरचे दात आणि दुसरी, मागच्या खोलीतली रेल्वे. दात वहिनींचे, म्हणजे त्यांनी घडवलेले. शहरातल्या दंतवैद्यांना त्या कवळ्या बनवून देत आणि याच कामात त्यांचे केस पांढरे झाले होते. रेल्वे त्यांच्या नवऱ्याची. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी बोर्ड, त्यावर रूळ, सिग्नल, एक बोगदा आणि एक स्टेशन. स्टेशनाच्या फलाटावर बोटाच्या पेराएवढी माणसं सामानसुमान घेऊन कित्येक वर्षं गाडीची वाट बघत उभी होती.

छोट्या रेल्वेचं वेड पुष्कळांना असतं. त्यात दोन मापं जगभर चालतात, एक जरा मोठं आणि एक लहान. या दोन मापांचं काय म्हणाल ते दुकानात मिळतं. कोणाचाही डबा कोणाच्याही रुळावर निमूटपणे धावतो. पण वहिनींच्या नवऱ्याला दुकानात मिळणारं काही पसंत पडलं असतं, तर आणखी काय हवं होतं! त्यांनी धरलं मधलं माप. ना धड मोठं, ना धड लहान. या मापाचा माल काढणारी एकच कंपनी होती, तीही केव्हाच बंद पडली. तेव्हापासून मधल्या मापाची माणसं सगळं हाताने घडवतात, आणि हाताने घडवायचं म्हटलं की ज्याचं त्याचं डोकं आलंच. शहरात या मापाचे लोक होते सात आणि चाकांचे प्रकार होते आठ, कारण एकाने मध्येच विचार बदलला होता.

आता चाकांचं भांडण काय, ते एकदाच सांगून टाकतो. एक रूळ दुसऱ्याला छेदून जातो तिथे, म्हणजे सांध्यात, चाकाची आतली कड पलीकडे जावी म्हणून रुळात खाच ठेवावी लागते. कड जाड असेल तर खाच रुंद हवी, बारीक असेल तर अरुंद. जाड चाक अरुंद खाचेत शिरत नाही, वर चढतं आणि गाडी रुळावरून उतरते. बारीक चाक रुंद खाचेत पडतं आणि तिथेच बसतं. बस, एवढंच. केसभर जागेवरून माणसं आयुष्यभर रुसतात ती अशी.

जाड चाकांचे कैवारी म्हणजे वहिनींचे यजमान. चाक कसं हवं, तर डोळे मिटून सोडलं तरी धावलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. या सातजणांच्या क्लबातल्या टवाळांनी त्यांचं नाव ठेवलं जाडेराव. बारीक चाकांचा कैवारी होता वहिनींचा सख्खा धाकटा भाऊ. खऱ्या गाडीचं चाक जसं असतं हुबेहूब तसंच, फक्त लहान, हा त्याचा हट्ट. म्हणून ते बारीकराव. देहाकडे पाहाल तर नावं बरोबर उलटी. जाडेराव काडीपैलवान, तर बारीकराव दारातून आत यायचे ते अंग जरा तिरकं करून.

"कोणाला बोलू?" वहिनी म्हणत. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

एके काळी हे दोघं मेहुणे गळ्यात गळे घालून हिंडायचे. बंद होणाऱ्या एका दुकानातून त्यांनी रुळांचा उरलासुरला साठा उचलला, निम्मा निम्मा वाटून घेतला आणि एकाच मार्गाचे दोन बोर्ड बांधायला घेतले. जाडेरावांच्या बोर्डावर खालचं स्टेशन, बारीकरावांच्या बोर्डावर वरचं. खालच्या फलाटावर पाटी होती, "वरच्या स्टेशनाकडे", आणि पुढे बाण. वरच्या फलाटावर तशीच पाटी उलट्या बाणाची. मग सगळ्यांची चाकं एकसारखी व्हावीत म्हणून क्लबाने बैठक बोलावली. जाड की बारीक, यातलं एक निवडायला सातजण बसले आणि उठले तेव्हा चाकाचं तिसरंच माप मंजूर झालं होतं. ते आजतागायत कोणी वापरलेलं नाही. त्याच बैठकीत जाडेराव म्हणाले, "याची चाकं कपाटात मांडायला छान आहेत." त्यावर बारीकराव म्हणाले, "आणि भावोजींची हातगाडीला." झालं. तिथे जे फाटलं ते फाटलं.

म्हणजे बोलणं बंद नव्हतं हं. तब्येत, पेन्शन, पाणी कधी येतं, वहिनींचा गुडघा, सगळं बोलत. फक्त रेल्वेतला 'रे' काढत नसत. दोन बोर्ड दोन घरांत राहिले. पाट्यांवरचे बाण एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, आणि खालच्या स्टेशनातून सुटलेली एकही गाडी वरच्या स्टेशनात कधी लागली नाही.

हे असंच चाललं असतं, पण बारीकरावांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. जन्मभर कचेरीत नकाशे काढलेला माणूस, रेघेवर रेघ बसवणारा, आता कपात चहा ओतताना कपाला बोट लावून अंदाज घ्यायला लागला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी दुसऱ्या शहरात होती, तिने सांगितलं, बाबा, आता पुरे, माझ्याकडे या. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, तीन माणसांचं, बोर्ड मावण्याचा प्रश्नच नव्हता.

"मग बोर्डाचं काय करणार रे?" वहिनींनी फोनवर विचारलं.

"सुतार येऊन बघून गेला, ताई. म्हणाला फळ्या चांगल्या आहेत. दोन शेल्फ होतील."

हे भाऊ हसत म्हणाला. वहिनी मुळूमुळू रडणाऱ्या बायकांपैकी नव्हत्या. फोन ठेवला आणि त्या टेबलाशी जाऊन बसल्या. कोणाच्या तरी खालच्या जबड्याचा साचा समोर होता, पण त्यांचं लक्ष लागेना. भावाने डोळे घालवून बांधलेल्या स्टेशनाच्या फळ्यांवर कोणीतरी लोणच्याच्या बरण्या मांडणार, हे त्यांना सहन होईना.

त्याच आठवड्यात प्रदर्शनाच्या संयोजकांचा फोन आला. दरवर्षी शाळेच्या सभागृहात छोट्या रेल्वेचं प्रदर्शन भरायचं आणि मधल्या मापाला दोन कोपरे मिळायचे, एक जाडेरावांना आणि त्यांच्यापासून होईल तितका लांबचा बारीकरावांना. संयोजक स्वतः लोकप्रिय मापाचे. या मधल्या लोकांबद्दल त्यांना दूरच्या नातेवाइकांबद्दल वाटतं तेवढंच प्रेम होतं. जाडेराव अंघोळीला गेले होते, म्हणून फोन वहिनींनी उचलला.

"वहिनी, यंदा जागा कमी आहे. मधल्या मापाला एकच रांग देतो. पण एका रांगेत दोन बोर्ड म्हणजे गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली पाहिजे, हात न लावता. गेल्या वर्षी लोक विचारत होते, या गाड्या अर्ध्यावरून माघारी का येतात म्हणून. जमत नसेल तर तसं सांगा, राग नाही."

वहिनींनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. आतून पाण्याचा आणि बेसूर गाण्याचा आवाज येत होता.

"जमेल," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या. दोन बोर्ड, एक गाडी."

जाडेराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा त्यांना ही बातमी मिळाली. ते मटकन खुर्चीत बसले.

"अगं, तू कोणाला विचारून हो म्हणालीस?"

"कोणालाच नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"तुझ्या भावाची गाडी माझ्या पहिल्या सांध्यात पडेल. माझी त्याच्या पहिल्या सांध्यात चढेल. हे तुला गेली तीस वर्षं माहीत आहे!"

"माहीत आहे ना. मग आता काहीतरी करू या."

"त्याला म्हणावं, खाचा रुंद कर. मी कोण अडवणारा?"

संध्याकाळी बारीकरावांना फोन लावला तर तिकडून तेच, फक्त उलटं. "ताई, माझं काही म्हणणं नाही गं. भावोजींनी चाकं बदलली तर आजही..." मग तो हळूच म्हणाला, "गाडी कोणाची सोडणार आहेस?"

"ते तू माझ्यावर सोड. मला तुझं ते हिरवं इंजिन दे. खूप धूळ बसली आहे त्यावर, साफ करून देते."

एरवी त्या इंजिनाला वारा लागू न देणाऱ्या भावाने ते लगेच देऊन टाकलं. वहिनींना जरा नवल वाटलं. पण त्या आपल्याच बेतात गुंग होत्या, म्हणून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तिथे चुकलं. एक शब्द विचारला असता तर पुढचा घोळ टळला असता. पण सगळं जमवून मग सांगू, आधी सांगितलं तर दोघंही सल्ले देतील, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि एकदा ठरलं की ठरलं, हा त्यांच्या माहेरचाच गुण. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

बेत असा होता. कवळी बनवताना वरचे आणि खालचे दात नेमके कुठे भिडतात ते डोळ्यांना दिसत नाही. मग मध्ये निळा कागद धरतात आणि दात मिटवतात. जिथे दाब पडतो तिथे निळा ठिपका उमटतो. तेवढंच घासायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. वहिनींनी रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर तोच निळा कागद जाडेरावांच्या पहिल्या सांध्यावर अंथरला आणि भावाचं हिरवं इंजिन हाताने हळूहळू त्यावरून ढकललं. इंजिन खाचेपर्यंत आलं आणि धप्पकन पुढचं चाक खाली गेलं. कागद उचलून त्यांनी वाकून पाहिलं. रुळावर निळी रेघ छान आली होती, खाचेत ती तुटली होती आणि पलीकडच्या काठावर मोठा डाग पडला होता. चाक आपटलं होतं ते तिथे.

"दात पडलाय," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या. "एकच दात पडलाय."

दारात उभे राहून जाडेराव बघत होते. "माझ्या रुळाला तू काही चिकटवणार असशील तर आधीच सांगतो..."

"चिकटवते कशाला? कवळी कोणी चिकटवतं का?"

त्या कामाला लागल्या. खाचेत गुलाबी मेण दाबून माप घेतलं, त्यावरून साचा केला आणि कवळीच्याच गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा एक तुकडा घडवला. खाचेच्या तळाशी आणि एका अंगाला बसणारा, नखाएवढा. त्याच्या वरच्या बाजूला बारीक चाकाच्या कडेपुरता चर ठेवला. अर्धवट कवळी शेजारच्या दाताला धरून राहावी म्हणून तारेचा आकडा लावतात, तसाच आकडा त्याला लावला. रुळाला अडकवला की बसायचा, चिमट्याने ओढला की निघायचा.

पहिला तुकडा उंच झाला आणि इंजिनाने त्यावरून उडी मारली. दुसरा घासताना इतका पातळ झाला की इंजिनाच्या वजनाने त्याचे दोन झाले. तिसरा बसला पण निघेना. जाडेराव "मी म्हणत होतो" असं म्हणायला तोंड उघडत आणि वहिनींनी चष्म्यावरून पाहिलं की मिटत. वहिनी मात्र हटल्या नाहीत. निळा कागद, घासणं, पुन्हा निळा कागद. आयुष्यभर त्यांनी अशा लोकांचे दात बसवले होते जे दर वेळी येऊन सांगत, "टोचतंय." न बोलणाऱ्या रुळाचं त्यांना काय कौतुक! चौथा का पाचवा तुकडा बसला तेव्हा हिरवं इंजिन सांध्यावरून असं गेलं, जसं काही तिथे खाच नव्हतीच.

जाडेराव खाली वाकून बघत राहिले. मग त्यांनी न सांगता टॉर्च आणला आणि पुढच्या सांध्यावर धरला. "इथेही लागेल," ते घसा खाकरत म्हणाले. "आणि बोगद्याच्या तोंडाशी."

बोर्डावरच्या एकूणएक सांध्याला कवळी झाली. हिरवं इंजिन जाडेरावांच्या स्टेशनातून सुटून बोर्डाच्या काठापर्यंत सुखरूप जायला लागलं. पुढे भावाचाच बोर्ड, भावाच्याच अरुंद खाचा. तिथे त्याचं इंजिन बिनघोर जाणार, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

"म्हणजे गाडी त्याची, रूळ माझे आणि कवळी तुझी," जाडेराव म्हणाले. हसून म्हणाले, पण वहिनींना ते हसू पुरतं हसू वाटलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी पाहिलं, जाडेराव आपल्या जुन्या काळ्या इंजिनाला तेल घालत होते. जाड चाकांचं, पहिलंवहिलं, मेहुण्याबरोबर बसून बनवलेलं.

"ते कशाला?"

"सहज," जाडेराव म्हणाले.

प्रदर्शनाच्या सकाळी सभागृहात नुसती धांदल होती. टेबलं सरकत होती, वायरी पायांत येत होत्या, लोकप्रिय मापाच्या गाड्या डबे जोडून केव्हाच पळायला लागल्या होत्या. मधल्या मापाचे दोन बोर्ड कित्येक वर्षांनी एकमेकांना टेकले. उंचीत पुठ्ठ्याएवढा फरक निघाला, तो पुठ्ठा घालूनच भागवला. साधे रूळ एकाच दुकानातले, एकाच साठ्यातले होते, ते मात्र टोकाला टोक लावून बरोबर जुळले. रूळ जुळताना दोन्ही मेहुण्यांनी एकदमच हात पुढे केला आणि एकदमच मागे घेतला.

बारीकराव जाड भिंगांचा चष्मा लावून वरच्या स्टेशनापाशी उभे होते. दोन दिवसांनी त्यांची निघायची तयारी होती. घरातलं सगळं बांधून झालं होतं, उरलं होतं एवढंच.

वहिनींनी पिशवीतून हिरवं इंजिन काढून खालच्या स्टेशनात ठेवलं. "घ्या. बाळ्या, तुझी गाडी आणतेय तुझ्याकडे."

"माझी?" बारीकराव दचकले. "अगं ताई, पण..."

पण वहिनींनी कळ फिरवली होती. हिरवं इंजिन निघालं. पहिला सांधा आला, गेला. दुसरा आला, गेला. बारीकराव आवाजाच्या दिशेने मान पुढे करून ऐकत होते. भावोजींच्या सांध्यांवर आपलं इंजिन पडत नाही, हे त्यांच्या कानांना खरं वाटेना. बोगदा झाला. बोर्डाचा जोड आला, पुठ्ठ्याने आपलं काम चोख केलं, आणि इंजिन बारीकरावांच्या बोर्डावर आलं. संयोजकही हातातला कागद सोडून बघायला आले होते.

पहिल्याच सांध्यात इंजिन धप्पकन पडलं.

स्वतःच्या बोर्डावर, स्वतःच्या सांध्यात. क्षणभर कोणालाच काही कळेना. वहिनी पुढे झाल्या, इंजिन बाजूला केलं आणि निळा कागद खाचेवर टेकवला. कागदाचीही गरज नव्हती खरं तर. खाच चांगली रुंद झालेली साध्या डोळ्यांना दिसत होती. पितळ ताजं घासलेलं, अजून चकाकत होतं. पुढच्या सांध्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. रेघेवर रेघ बसवणाऱ्या माणसाच्या खाचा, आणि एक इकडे वाकडी तर दुसरी तिकडे. चाचपून चाचपून घासलेल्या.

"बाळ्या, हे कोणी केलं?"

बारीकराव चष्मा काढून पुसत राहिले. "मीच. तू हो म्हणून सांगितलंस ना संयोजकांना, तेव्हापासून रोज थोडं थोडं. मला वाटलं गाडी भावोजींची येणार. म्हटलं, जन्मभर हट्ट केला, आता बोर्ड मोडायचाच आहे, तर मोडण्याआधी एकदा त्यांचं इंजिन माझ्या स्टेशनात लागू दे." मग म्हणाले, "करून बघायला इंजिनच नव्हतं. माझं तुझ्याकडे, बाकीची खोक्यांत. दिसत तर काही नव्हतंच. बोटाने अंदाज घेतला."

वहिनींचं लक्ष भावाच्या बोटांकडे गेलं. टोकांना कानशीचे ओरखडे होते आणि एकावर पट्टी होती. इतक्या वर्षांत दोघांपैकी एकानेही केसभर माघार घेतली नव्हती, आणि आता ज्याला केस दिसत नव्हता त्याने घेतली होती. तीही कोणाला न सांगता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने सरळ पुसून टाकलं, कारण हातांना अ‍ॅक्रिलिकचा वास होता आणि समोर काम पडलं होतं.

"दार उघडायचंय," संयोजक घड्याळ बघत म्हणाले. "तुमचं जमत नसेल तर चादर टाकू या का बोर्डावर?"

"चादर मेलेल्यावर टाकतात," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दार उघडा."

जाडेराव खाली वाकले, आपल्या पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं काळं इंजिन बाहेर काढलं. कसनुसं तोंड करून म्हणाले, "सहज आणलं होतं."

मग वहिनींनी चिमटा घेतला आणि जाडेरावांच्या बोर्डावरच्या सगळ्या कवळ्या एकेक करून उपटल्या. तारेचे आकडे टिकटिक करत सुटत गेले. ज्यांच्यासाठी त्यांनी रविवारमागून रविवार घालवले, ते गुलाबी तुकडे डबीत जमा झाले. याचसाठी त्या निघणाऱ्या केल्या होत्या, नाही का?

काळं इंजिन खालच्या स्टेशनात उभं राहिलं. सुटलं. आपल्या घरच्या रुळांवर ते खडखडत, गुर्मीत गेलं. जोड ओलांडून बारीकरावांच्या बोर्डावर आलं, पहिला सांधा पार. दुसरा पार. तिसऱ्या सांध्यात पुढचं चाक खाचेच्या कडेवर चढलं, इंजिन लटपटलं आणि आडवं झालं.

"तिथे डाव्या अंगाला राहिलं असणार," बारीकराव म्हणाले. "तिथे हात नीट पोचत नव्हता."

"डाव्या नाही, उजव्या," जाडेराव म्हणाले. "चाक कुठे चढलं ते मी बघितलं ना!"

"अहो भावोजी, सांधा मी बांधलाय."

"आणि चाक मी!"

"दोघंही तोंड मिटा," वहिनी म्हणाल्या. "मला फक्त याचं तोंड उघडं हवंय." त्यांनी निळा कागद सांध्यावर ठेवला आणि काळं इंजिन हाताने त्यावरून नेलं. ठिपका उमटला. डाव्या अंगाला नाही, उजव्याही नाही, अगदी मधोमध. भावाच्या कानशीने एवढीशी गाठ चुकवली होती. वहिनींनी दातांवर चालवायचं छोटं घासयंत्र लावलं. लोक आत यायला लागले होते, एक लहान मुलगी टेबलाला नाक लावून बघत होती. बारीकरावांनी सवयीने बोट पुढे केलं, जाडेरावांनी ते धरलं आणि बाजूला ठेवलं. मग सोडायचं विसरून गेले. वहिनींनी घासलं, फुंकर मारली, पुन्हा कागद धरला. ठिपका गेला होता.

काळं इंजिन पुन्हा खालच्या स्टेशनापासून सुटलं. कोणी हात लावला नाही. बोगदा, जोड, पहिला सांधा, दुसरा. तिसऱ्यावर जरा खट्ट झालं. मग इंजिन पुढे गेलं, वळण घेतलं आणि हळू झालं.

"लागली?" बारीकरावांनी विचारलं. समोरच होतं, पण त्यांना ते काळं धूसर काहीतरी एवढंच दिसत असावं.

जाडेरावांनी सारी नोकरी बसच्या डेपोत वेळापत्रकं लावण्यात घालवली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "वरच्या स्टेशनात गाडी आली आहे," ते म्हणाले. "बराच उशीर झाला. प्रवाशांनी माफ करावं."

बारीकराव मोठ्याने हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. इतका जाडजूड माणूस रडताना पाहून ती टेबलापाशी उभी असलेली मुलगी दोन पावलं मागे सरली.

दिवसभर काळं इंजिन जात येत राहिलं. संध्याकाळी टेबलं आवरायच्या वेळी सुतार दारात येऊन उभा राहिला. फळ्या इथूनच न्यायच्या असं बारीकरावांनी त्याच्याशी ठरवलं होतं. जाडेराव त्याच्याकडे गेले, काहीतरी बोलले आणि त्याला वाटेला लावून परत आले.

"याचे सांधे आता रुंद झालेत," ते बायकोला म्हणाले, मेहुण्याकडे न बघता. "जगात ज्या एका बोर्डाला हा जोडता येतो तो आपल्या मागच्या खोलीत आहे. याला मोडायला देणं म्हणजे मूर्खपणा."

"भावोजी, जागा कुठे आहे तुमच्याकडे?"

"मोठं कपाट बाहेर काढू," वहिनी म्हणाल्या. "त्यात आहे काय? न वापरलेली भांडी."

बारीकराव हिरवं इंजिन हातात फिरवत म्हणाले, "आणि हे? हे आता माझ्याही बोर्डावर पडेल, तुमच्याही. सगळीकडूनच परकं झालं बिचारं."

"का पडेल? तुझ्या सांध्यांना कवळ्या करीन. तू आलास की घालू, गेलास की काढू."

"रात्री पाण्यात ठेवायच्या का गं?" बारीकरावांनी विचारलं, आणि जाडेराव पहिल्यांदा पोट धरून हसले.

"आणि खाचा वाकड्या झाल्यात, ताई. एकसारखी एक नाही. तुला त्रास होईल."

"मेणाला वाकडंसरळ काही कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "असेल तसं माप घेतं." त्यांनी पिशवीतून गुलाबी मेणाची कांडी काढली, बोटांत धरून ऊब दिली आणि खाली वाकल्या. भावाने चाचपून घासलेल्या पहिल्या खाचेत त्यांनी मेण दाबलं आणि ते गार होईपर्यंत अंगठा तसाच दाबून धरला.